शिमानो १०५ आर७००० ब्रेक : कार्बन फोर्कवर सगळा खेळ नटाचा

रिम ब्रेकची (चाकाच्या कडेला रबर दाबून थांबवणारी) रोड बाइक अजून चालवत असाल, तर शिमानोच्या १०५ मालिकेतला बीआर-आर७००० हा कॅलिपर, म्हणजे रिमला दोन्हीकडून चिमटणारा ब्रेक, पैसे वसूल आहे. शिमानोच्याच वरच्या अल्टेग्रा मालिकेपेक्षा किंचित जड, पण घाट उतरताना हाताला फरक कळणार नाही. २८ मिमीचा टायर मावतो आणि लिव्हर पूर्ण दाबला तरी कॅलिपरचे हात वाकल्यासारखे वाटत नाहीत. ब्रेकमध्ये खोट नाही. घोळ होतो तो बसवताना, आणि तोही बहुधा पुढे, कार्बन फोर्कवर (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यावर).

कॅलिपरचा बोल्ट पुढून आत जातो आणि मागच्या ८ मिमीच्या भोकातून नळीसारखा नट येऊन त्याला धरतो. स्टीलच्या फोर्कचा क्राउन (चाकावरचा माथा, जिथे ब्रेक बसतो) बारीक असतो, कार्बनचा जाडजूड. त्यामुळे जुन्या सायकलचा नट इथे आखूड पडतो. शिमानोचे नट १०.५, १२.५, १८, २७ आणि ३२ मिमी अशा लांबीत मिळतात. पेटीतला तुमच्या फोर्कला पुरेलच असं नाही. काही फोर्कसोबत कंपनीचा स्वतःचा नट येतो, तो असेल तर तोच वापरा.

खूण सोपी आहे: नट हाताने फिरवताना किमान ६ पूर्ण फेरे आटे पकडले पाहिजेत. दोन-तीन फेऱ्यांतच घट्ट झाला तर नट आखूड आहे. ब्रेक लावताना आटे उपटून निघू शकतात. उलट नट फार लांब असेल तर बोल्ट आत जाऊन नटाच्या तळाला टेकतो. पाना घट्ट लागतो, टॉर्क रेंचही 'झालं' म्हणतो, पण कॅलिपर हाताने हलतो. ही चूक जास्त फसवी. भोक मोठं करण्याचा विचारही करू नका: कार्बनचे धागे तुटतात, आतली धातूची बाही सुटू शकते आणि त्यातून उडणारी कार्बनची धूळ फुफ्फुसांना वाईट.

आट्यांना थोडं ग्रीस लावा, कॅलिपर आणि क्राउन यांच्यामधला वॉशर विसरू नका, मग ५ मिमीच्या अॅलन कीने ८ ते १० न्यूटन-मीटर. फोर्कवर कमी आकडा छापलेला असेल तर तोच पाळा. "अजून थोडं" म्हणून जोर लावणाऱ्यांनी क्राउन चिरडला जातो हे लक्षात ठेवावं. सुरुवातीला फक्त करकर ऐकू येते.

खरेदीपूर्वी भोकाच्या मध्यापासून रिमच्या ब्रेकपट्टीच्या मध्यापर्यंत मोजा. अंतर ५१ मिमीच्या वर गेलं तर हा कॅलिपर नको. ४७ ते ५७ मिमीचा शिमानोचाच बीआर-आर४५१ बघा. लिव्हरही तपासा. १०५ च्या जुन्या ५६०० पिढीचा किंवा त्याआधीचा असेल तर तो केबल कमी ओढतो आणि ब्रेक लागेपर्यंत हँडलबारला टेकायला येतो.

बाकी काम नेहमीचंच. १.६ मिमीची केबल, अँकर बोल्ट (केबल धरणारा) ६ ते ८, शूचा (रिमला घासणाऱ्या रबराचा) बोल्ट ५ ते ७ न्यूटन-मीटर. शू रिमच्या वरच्या कडेपासून १ मिमी खाली हवा. टायरला घासला तर टायर कापला जातो. रिम आणि शू यांच्यात दोन्ही बाजूंची मिळून २ ते ४ मिमी फट. शूचं पुढचं टोक किंचित आधी टेकलं की किंचाळणं थांबतं. कार्बन रिम असेल तर अॅल्युमिनियम रिमसाठीचे शू चालत नाहीत, रिम खराब होतो.

आपल्याकडे पुढचा ब्रेक बहुतेकांना उजव्या हाताला लागतो. आउटर (केबलची बाहेरची नळी) कापण्याआधी ते ठरवा, नाहीतर आउटर आखूड पडेल आणि हँडल वळवलं की ब्रेक आपोआप लागेल. पहिल्या १०० किलोमीटरनंतर टॉर्क पुन्हा तपासा. पावसाळ्यात शूमध्ये रुतलेली वाळू दर आठवड्याला सुईने काढावी लागेल, त्यातून हा ब्रेकही सुटत नाही.