इंजिन बघितलं, चाक बघायचं राहिलं

गेल्या दसऱ्यानंतर मी जुना ट्रॅक्टर घेतला. ४५ हॉर्सपॉवरचा, आर.सी. बुकावर साल २०१३, सौदा ३ लाख ८५ हजारांना तुटला. आमचा वाळवा तालुका म्हणजे ऊस. कारखान्याचा हंगाम तोंडावर आलेला आणि दोन ट्रॉल्या घरी नुसत्या उभ्या होत्या, म्हणून घाई माझीच होती. एजंटाने ती पहिल्या पाच मिनिटांत ओळखली असणार.

बघायला गेलो तेव्हा आपण सगळे बघतो तेच मी बघितलं. थंड इंजिन एका सेल्फमध्ये उचललं का, धूर काळा की पांढरा, हायड्रॉलिक वजन धरून ठेवतंय का, क्लच घसरतोय का. खाली तेल गळतंय का ते वाकून पाहिलं. डांबरी रस्त्यावर अर्धा किलोमीटर रिकामाच फिरवून आणला. लोण्यासारखा चालला. मागच्या दोन्ही चाकांना नवाकोरा चंदेरी रंग, डिस्क म्हणजे चाकाची मधली लोखंडी तबकडी झगझगीत, नटसुद्धा रंगवलेले. मला वाटलं, माणूस गाडी निगुतीनं ठेवणारा आहे. चुलतभाऊ फिटर आहे, त्याला रविवारी घेऊन येतो म्हणालो, तर एजंट म्हणाला, "या की पाव्हणं, पण कराडचं गिऱ्हाईक उद्या विसार घेऊन येतंय. मग मला बोल लावायचा न्हाय." तिथंच मी विसाराचे २० हजार मोजले.

पाचशेच्या स्टॅम्पवर करारपत्र झालं. बँकेची एनओसी होती, नोंदणी नावावर करायचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म होते. कागदाच्या बाबतीत मी पक्का, म्हणून ते सगळं तपासलं. 'ट्रॅक्टर चालवून व तपासून घेतला असून जसा आहे तसा मान्य आहे' ही ओळ वाचलीही होती. पण अशी ओळ सगळ्याच करारात असते म्हणून सोडून दिली.

पहिल्या नांगरटीलाच डाव्या चाकातून आवाज यायला लागला. वळण घेताना कट्, चाकाच्या एका फेऱ्याला एकदा. आधी वाटलं नांगराची पिन वाजते. तिसऱ्या दिवशी धूळ पुसताना दिसलं की नव्या चंदेरी रंगावर दोन नटांपासून खाली तांबूस ओघळ आलेत, हळद-कुंकू कालवल्यासारखे. लोखंड लोखंडावर घासलं की ही तांबडी पूड निघते. म्हणजे डिस्क हबवर, ॲक्सलच्या टोकाला चाक जिथं बसतं त्या भागावर, हलत होती. ते तेव्हा मला कळलं नाही. एजंटाला फोन लावला. तो म्हणाला, "काय न्हाय हो, नवा रंग हाय, चाक खोलून बसवलंय, बोल्ट बसत असतात. एकदा आवळून घ्या."

ही थाप पचली, कारण ती अर्धी खरी आहे. चाक खोलून परत बसवलं की पहिल्या काही तासांच्या कामानंतर नट पुन्हा आवळावेच लागतात. कुठलाही जाणता फिटर हेच सांगेल. फक्त एकदा-दोनदा आवळल्यावर ते तिथं थांबले पाहिजेत. माझे थांबत नव्हते. गावातल्या फिटरने पान्याला चार फुटी पाईप लावून आवळले. दोन नट जागचे हलेनात, तर तो म्हणाला, "हे बघा, हे कसे कडक बसलेत." आम्हाला दोघांनाही ते दोनच नट सगळ्यात भरवशाचे वाटले. आठवड्याने परत आवाज, परत पाईप. असं तीनदा झालं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, मागे दोन भरलेल्या ट्रॉल्या, कॅनॉलच्या पुलाचा उतार उतरून सपाट रस्त्याला लागलो होतो. वेग माणूस पळेल एवढाच. ट्रॅक्टर आधी डुलल्यासारखा झाला, मग डावी बाजू खाली बसली आणि स्टेअरिंग हातातून ओढलं गेलं. चाक सुटून पुढे जाताना मी स्वतः बघितलं. ते उसाच्या फडात जाऊन पडलं आणि ट्रॅक्टर हबवर रस्ता घासत थांबला. ऊसतोड टोळीतली एक बाई रोज कोपीपर्यंत, म्हणजे त्यांच्या झोपडीपर्यंत, त्याच डाव्या मडगार्डवर बसून यायची. त्या दिवशी तिचं पोर आजारी होतं, म्हणून ती फडावर आलीच नव्हती. तेव्हापासून माझ्या मडगार्डवर कुणाला बसू देत नाही. लोक शिष्ट म्हणतात, म्हणू देत.

एक नट मागे अर्ध्या किलोमीटरवर रस्त्यात सापडला. बाकीचं लेथवाल्याकडे उलगडलं. स्टड म्हणजे हबवरचे, नट ज्यांवर आवळतात ते बोल्ट. आठपैकी तीन स्टडांचे आटे साफ गेलेले, पाच तुटलेले. तुटलेल्या पाचांतल्या तिघांचं तोंड त्याने मला उजेडात धरून दाखवलं. अर्ध्याहून जास्त भाग काळपट, गंजलेला, आणि कडेला थोडासाच चकचकीत. काळा भाग म्हणजे जुनी चीर, चकचकीत तेवढाच आजचा. ट्रॅक्टर माझ्या दारात आला तेव्हाच ते तीन स्टड अर्धे मेलेले होते.

मग त्याने डिस्कवरचा रंग काढला. भोकं घासून लांबट, अंड्यासारखी झालेली. त्यातली काही वेल्डिंगने भरून, ग्राइंडर मारून परत पाडलेली. बाकीच्यांत पत्र्याच्या पट्ट्या गुंडाळून सांधा भरलेला. आणि ते दोन कडक नट? स्टडला वेल्डिंगचा टिपका मारून चिकटवलेले. आटेच नव्हते, मग हलतील कसे. वरून पुट्टी आणि चंदेरी रंग. डिस्क आणि हब जिथं एकमेकांना टेकतात तिथंही रंगाचा जाड थर होता. लेथवाला म्हणाला, चाकाचा भार नुसता बोल्ट पेलत नाही. बोल्टाच्या ओढीने डिस्क हबला चिकटून बसते आणि ती पकड भार पेलते. मधला रंग चेपला की ओढ सैल पडते, डिस्क सरकायला लागते आणि सगळा मार स्टडाला आडवा बसतो. आमच्या पाईपनेही हातभार लावला होताच. एवढ्या जोराने आवळलं की स्टड ताणतो आणि आटे सोडतो.

हब, डिस्क, आठही स्टड, क्रेन, मजुरी मिळून ६२ हजार गेले. पंधरा दिवस हंगाम बुडाला तो वेगळा. टोळीची उचल दिलेली, टोळी मात्र बसून.

एजंटाकडे गेलो तर त्याने चहा सांगितला आणि करारपत्राची झेरॉक्स पुढे केली. "दोन ट्रॉल्या भरून वढलासा, चाक जानारच की." चार माणसं घेऊन परत गेलो तेव्हा दहा हजार टेकवले, तेही उपकार केल्यासारखे. वकिलाने विचारलं, घेताना फोटो काढलेत का? चाक खोलून पाहिलंत का? दोन्हीला माझं उत्तर नाही. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवून ठेवली आहे, पण त्या एका ओळीखाली माझी सही आहे.

आता कुणी जुना ट्रॅक्टर बघायला निघालं तर मी बरोबर जातो आणि आधी चाकापाशी बसतो. बाकी ट्रॅक्टर जुनाट आणि नटावर तेवढा ताजा रंग असेल, तर किल्लीने खरवडतो. मालक कुरकुरला तर त्यातच उत्तर मिळालं. भोकाच्या कडेला वेल्डिंगची गाठ लागते का ते नखाने कळतं. एकेका नटाला पाना लावतो आणि जो अजिबात हलत नाही त्याच्याकडे आता जास्त संशयाने बघतो. फिटरला पाचशे रुपये देऊन एक मागचं चाक उतरवायला लावतो. उतरवू देत नसेल तर सौदा नको. माझ्या स्वतःच्या चाकांना आता नटापासून डिस्कवर येणारी पांढऱ्या ऑइलपेंटची एकेक रेघ आहे. नट फिरला की रेघ मोडते, सकाळी चहाच्या आधी नजर टाकली तरी दिसतं. नवे स्टड घेताना दुकानदार बिनखुणेचा माल ओरिजनल म्हणून गळ्यात मारत होता. लेथवाल्याने ८.८ किंवा १०.९ असा ताकदीचा आकडा कोरलेला बघून घे म्हणून बजावलं होतं, म्हणून वाचलो. एक तुटला तरी आठही बदलायचे हेही त्यानेच सांगितलं, कारण शेजारच्यांनी त्याचा भार आधीच सोसलेला असतो.

ती डिस्क मी भंगारात घातली नाही, गोठ्याच्या खुंटीला टांगून ठेवली आहे. मागच्या पंधरवड्यात एजंटाचाच फोन आला. मला वाटलं उरलेल्या पैशांचं काही बोलेल. तो म्हणाला, "पाव्हणं, तुमची ती जुनी डिस्क हाय का अजून? एका ट्रॅक्टरला बसवायची हुती."