बडोद्यातलं एक स्पीच थेरपी सेंटर: फी नातवाची, शिकवणी आमची

पाचपैकी चार तारे देतोय. एक कापला तो वेटिंग रूममधल्या टीव्हीबद्दल आणि फीच्या एका नियमाबद्दल, त्याचं रडगाणं पुढे येईलच. सेंटरचं नाव लिहीत नाही. तक्रारीही करायच्या आहेत आणि आमची ये-जा अजून चालू आहे, तेव्हा अलकापुरीत, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेलं, एवढ्यावर भागवून घ्या.

मी बँकेतून निवृत्त, राहणार दांडिया बाजार. मुलगा आणि सून दोघंही नोकरीला, म्हणून नातवाला थेरपीला न्यायचं काम माझ्याकडे आलं. नोकरीतली बरीच वर्षं दुसऱ्यांची व्हाउचरं तपासण्यात गेली, त्यामुळे कुठेही गेलो की आधी भिंतीवरचं सर्टिफिकेट वाचतो.

नातवाला दोन वर्षं होऊन गेली तरी तो बोलत नव्हता. सांगितलेलं कळायचं. ‘चप्पल आण’ म्हटलं की आणायचा, वर आजीची आजीला आणि माझी मला. पण स्वतःला काही हवं असलं की आपला हात धरायचा आणि ओढत न्यायचा, तोंडातून फक्त ‘आ’. नातेवाइकांनी आपापली औषधं सुचवली. कोणी म्हणालं वेखंड उगाळून चाटवा, कोणी पोपटाचा उष्टा पेरू आणायला सांगितला. ‘मुलगे उशिराच बोलतात, ह्याचा बापही असाच होता’ हे तर येता-जाता. (बाप म्हणजे माझा मुलगा. तो दीड वर्षाचा असताना शेजाऱ्यांची उणीदुणी काढत होता. असो.)

सुनेने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि पोराला थेट बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: दोन वर्षांच्या मुलाकडे पन्नासेक शब्द हवेत, ‘पाणी दे’, ‘बाबा गेले’ असे दोन-दोन शब्द जोडता यायला हवेत, ते नसेल तर वाट बघत बसू नका, आधी कान तपासा. ऐकूच कमी येत असेल तर बाकीचं सगळं वाया. बेरा चाचणी झाली. त्यात मुलाला झोपवून डोक्याला तारा लावतात आणि आवाजाला मेंदू कसा प्रतिसाद देतो ते मशीन टिपतं. कान उत्तम निघाले.

मग आम्ही आधी दुसऱ्याच एका ठिकाणी गेलो होतो, तेही सांगितलं पाहिजे. तिथे पालकांना बाहेर बसवायचे. आत पोराकडून मेणबत्ती विझवून घ्यायची, शिट्टी वाजवून घ्यायची, जिभेवर थरथरणारा ब्रश फिरवायचा. फुंकर मारल्याने आणि जिभेच्या कसरतींनी शब्द येतात याला पुरावा नाही, हे नंतर कळलं. पण त्याहून मोठा दणका म्हणजे त्यांचा सल्ला: शाळा इंग्रजी माध्यमाची घेणार ना, मग घरी मराठी बंद करा, सगळ्यांनी इंग्रजीतच बोला, दोन भाषांनी मूल गोंधळतं. आमची ही नातवाशी इंग्रजीत काय बोलणार? ती दोन दिवस गप्पच होती, म्हणजे पोराला घरात ऐकायला मिळत होतं तेही निम्म्यावर आलं. दोन भाषांमुळे बोलणं लांबत नाही, हे आता जगभरातले तज्ज्ञ सांगतात. बडोद्याच्या मराठी माणसाला ते सांगायलाच नको. घरात मराठी, दारात गुजराती, असेच आम्ही सगळे वाढलो.

तर आता हे सेंटर. आत शिरल्यावर समोर चौकट, त्यात डिग्री आणि आरसीआयचा नोंदणी क्रमांक. आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद. 1992 च्या कायद्याने स्पीच थेरपिस्टची नोंद तिथे होते, आणि बीएएसएलपी ही त्यांची मूळ पदवी इंटर्नशिप धरून चार वर्षांची असते. पहिल्या ठिकाणी हा नंबर विचारला तेव्हा ‘मोठ्या मॅडम आल्या की सांगतील’ असं उत्तर मिळालं होतं. मोठ्या मॅडम काही आल्या नाहीत.

इथल्या थेरपिस्ट गुजराती आहेत, आम्ही बेन म्हणतो. पहिल्या दिवशी त्यांनी पोराला हातही लावला नाही. आमच्याकडून एक वही भरून घेतली: घरात काय काय म्हणता ते लिहा. मंमं, भूर, जोजो, गाई-गाई, भूभू, पापा. पुढच्या वेळी त्या हेच शब्द वापरून त्याच्याशी खेळत होत्या, उच्चार अगदी आमच्या हिच्यासारखा. घरी मराठीच बोला, भरपूर बोला, असं त्यांनी पहिल्यांदाच बजावलं. हिची कळी खुलली ती तेव्हापासून.

आणि पालक आत. ही अटच आहे. चाळीस मिनिटांपैकी अर्धा वेळ त्या पोराला शिकवतात, अर्धा वेळ आपल्याला. एक प्रसंग सांगतो. बेननी साबणाच्या फुग्यांची बाटली उघडली, दोन-चार फुगे सोडले, झाकण घट्ट लावलं आणि बाटली त्याच्या हातात दिली. त्याला झाकण उघडेना. त्याने बाटली त्यांच्या मांडीवर ठेवली. बेन नुसत्या बघत राहिल्या, भुवया वर, चेहऱ्यावर हसू, तोंडातून अक्षर नाही. मला राहवेना, ‘बोल ना राजा, उघड म्हण’ हे अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी माझ्याकडे न बघता तळहात दाखवला: थांबा. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. पोराने बाटलीकडे पाहिलं, बेनकडे पाहिलं, पुन्हा बाटली पुढे सरकवली आणि म्हणाला, ‘उ’. बेन लगेच ‘उघड! उघडलं!’ म्हणाल्या आणि खोलीभर फुगे. ‘उ’चं ‘उघड’ करून दाखवलं, पण ‘नीट म्हण’ असं एकदाही नाही.

नंतर त्यांनी समजावलं की आपण मोठी माणसं थांबतच नाही, मुलाची पाळी येण्याआधीच त्याच्या वाटचं बोलून टाकतो. सुनेला घरचा दहा मिनिटांचा व्हिडिओ काढून आणायला सांगितला होता. तो लावला तर ‘हे काय आहे?’, ‘काऊ कसा करतो?’, ‘हा रंग कुठला?’ एवढंच ऐकू येत होतं, चारी बाजूंनी तोंडी परीक्षा. बेन म्हणाल्या, प्रश्न कमी करा आणि तो जे करतोय ते बोलून दाखवा. तो गाडी ढकलतोय, तर ‘गाडी चालली, गाडी पडली, धप्प!’ म्हणा. तो ‘गाडी’ म्हणाला तर आपण ‘लाल गाडी’ म्हणायचं. आवडती वस्तू वरच्या फळीवर, दिसेल पण हाताला लागणार नाही अशी ठेवा. ‘दूध हवं?’ असं विचारू नका, दोन हातांत दोन वस्तू धरून ‘दूध की केळं?’ विचारा. बडबडगीत म्हणताना शेवटचा शब्द सोडा आणि वाट बघा. यातलं काहीही करायला पैसे पडत नाहीत. हिंचक्यावर बसून झोका मध्येच थांबवायचा आणि थांबायचं, हा आमच्या हिने स्वतः काढलेला प्रकार. बेनना इतका आवडला की आता त्या इतरांनाही सांगतात.

चित्रांचा तक्ताही दिला. सोबत आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे फुकट ॲप दाखवलं. चित्रावर बोट ठेवलं की फोन शब्द बोलतो, आणि त्यात मराठीही आहे. माझ्या मुलाने लगेच शंका काढली की मग हा तोंड कशाला उघडेल? बेनचं उत्तर: चित्रांनी बोलणं अडत नाही, उलट सांगता येतं हे कळलं की आदळआपट कमी होते. आमच्याकडे आदळआपट खरोखरच कमी झाली. आता ‘भूर’, ‘दे’, ‘नको’ स्वच्छ येतात आणि ‘आजी भूर’ अशी जोडणी मधूनमधून. ‘नको’ जरा जास्तच स्वच्छ येतं. चमत्काराची अपेक्षा ठेवून जाणाऱ्यांनी जाऊ नये. किती महिने लागतील असं विचारलं तर बेन आकडा सांगत नाहीत, आणि मला ते बरं वाटलं.

आता तक्रारी. भिंतीवर पोस्टर आहे की दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नको, त्यापुढे दिवसाला तासाभराहून जास्त नको. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 मध्ये हेच सांगितलंय. आणि त्याच पोस्टरखाली टीव्हीवर दिवसभर कार्टून! रिसेप्शनवरच्या मुलीला मी दोनदा सांगून पाहिलं, ती आवाज कमी करते. दुसरं, चोवीस तास आधी न कळवता सेशन चुकलं तर पूर्ण फी, म्हणजे सहाशे रुपये. एरवी नियम ठीक आहे. पण पावसाळ्यात अलकापुरीचं गरनाळं (रेल्वेखालचा रस्ता) पाण्याने भरतं तेव्हा दांडिया बाजारातून यायचं कसं, आणि पाऊस चोवीस तास आधी कळवतो का? तिसरं, रिपोर्ट फक्त इंग्रजीत. मला वाचता येतो, हिला नाही, आणि दिवसभर पोर असतं हिच्याजवळ.

सहाशे रुपये सगळ्यांना परवडणारे नाहीत, हेही आहे. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, जो 2013 मध्ये सुरू झाला, जिल्हा पातळीवर डीईआयसी नावाची केंद्रं आहेत. बोलण्यातल्या उशिराची तपासणी आणि उपचार तिथे मोफत होतात. आधी तिथे चौकशी करावी.

आणि इथेच यायचं ठरलं तर सकाळी अकराचा स्लॉट मागा. संध्याकाळी पोरं शाळेतून दमून आलेली असतात, खाली स्कूटर लावायला जागा नसते, आणि टीव्हीसमोर गर्दीही तेव्हाच जास्त. घरचे शब्द लिहिलेली वही पहिल्याच दिवशी बरोबर न्या, एक सेशन वाचेल.