समुद्रापासून साडेतीनशे किलोमीटर दूर राहून सांभाळलेली शिडाची बोट: लिथियम बॅटरीचा पहिला मोसम

माझी आणि माझ्या मावसभावाची मिळून एक शिडाची बोट आहे. ती अठ्ठावीस फुटांची, फायबरग्लासची, एका डोलकाठीची आहे. आत चार जणांना झोपता येते, मागे छोटे डिझेल इंजिन आहे, आणि मोसमात ती मांडव्याच्या परिसरात नांगरलेली असते. मी छत्रपती संभाजीनगरात राहतो आणि तो जालन्यात, त्यामुळे बोट आणि मालक यांच्यात साडेतीनशे-चारशे किलोमीटरचे अंतर कायमचेच आहे. भाऊच्या धक्क्यापर्यंत गाडीने आणि तिथून रो-रोने मांडव्याला, असा आमचा ठरलेला रस्ता असून तीन आठवड्यांतून एकदा जाणे जमले तरी आम्ही समाधान मानतो. म्हणूनच बोटीवर कोणतीही नवी वस्तू बसवण्याआधी आम्ही एकच प्रश्न विचारतो: आम्ही नसताना वीस-बावीस दिवस ती कशी वागेल? ऑक्टोबर २०२४ मध्ये आम्ही बोटीवरची विजेची सगळी व्यवस्था बदलली आणि लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बसवली. मे अखेरीस बोट पावसाळ्यासाठी पाण्याबाहेर काढेपर्यंत ती आठ महिने वापरली, आणि आज तिच्याबद्दल जे सांगतो आहे ते याच प्रश्नाच्या कसोटीवर घासून सांगतो आहे.

आधी बोटीवर दीडशे अँपिअर-तासांच्या, शिसे-आम्लाच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या होत्या. लोडशेडिंगच्या वर्षांत मराठवाड्यातल्या घराघरांत इन्व्हर्टरखाली असायच्या तशाच. त्या बॅटरीबद्दल मला आदर आहे, कारण दहावी-बारावीचा माझा अभ्यास तिच्याच उजेडात झाला. पण घरातली बॅटरी वीज परत आली की लगेच भरू लागते. बोटीवरची मात्र आम्ही रविवारी दुपारी निघताना अर्धी रिकामी असायची आणि पन्नास वॅटच्या एकुलत्या एक सौर पॅनेलच्या भरवशावर पुढचे तीन आठवडे तशीच अर्धवट राहायची. शिसे-आम्लाच्या बॅटरीला हीच अवस्था सर्वांत घातक असते, कारण अशा स्थितीत पट्ट्यांवरचे लेड सल्फेट कठीण स्फटिकांत बदलत जाते आणि मग कितीही चार्ज केले तरी ते पूर्ववत होत नाही. दोन मोसमांत क्षमता इतकी घसरली की पहाटे तीनच्या सुमारास फ्रीज बंद पडू लागला. शिवाय आयुष्य टिकवायचे तर नोंदलेल्या क्षमतेपैकी निम्मीच वापरायची, आणि एवढ्यासाठी शंभर किलोंहून अधिक वजन बोटीच्या पोटात वाहायचे.

नव्या बॅटरीत २८० अँपिअर-तासांचे, प्रत्येकी ३.२ व्होल्टचे चार सेल मालिकेत जोडलेले आहेत. त्यातून १२.८ व्होल्ट मिळतात आणि साठवण साडेतीन किलोवॅट-तासांच्या थोडी पुढे जाते. चारही सेलचे मिळून वजन बावीस किलोच्या आसपास आहे, म्हणजे पेटीसह एक माणूस ती उचलू शकतो. सेल फुगू नयेत आणि हिंदकळून त्यांच्या जोडण्यांवर ताण येऊ नये म्हणून त्यांना ॲल्युमिनियमच्या दोन जाड पट्ट्यांमध्ये हलक्या दाबाने धरणारी चौकट वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यातून करून घेतली. अर्धवट भरलेली राहिल्याने या बॅटरीला काही इजा होत नाही. उलट आपल्या उष्ण हवेत ती पूर्ण भरून ठेवण्यापेक्षा निम्मी भरून ठेवणेच हिताचे असते. निघताना आम्ही सौर नियंत्रकाची व्होल्टेजमर्यादा खाली आणतो, मुख्य स्विच बंद करतो आणि निर्धास्तपणे घरी येतो. तीन आठवड्यांनी परत गेल्यावर बॅटरी जवळपास सोडली होती तेवढीच भरलेली सापडते. दूरच्या मालकासाठी हा एक गुण सगळ्या खर्चाचे समर्थन करायला पुरेसा आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

मात्र जुनी बॅटरी काढून त्या जागी नवी ठेवली की काम झाले, असे समजून कोणी सुरुवात करू नये. शिशाची बॅटरी भरत आली की आपणहून कमी करंट घेऊ लागते. लिथियमचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की अगदी शेवटपर्यंत अल्टरनेटर (इंजिनावर फिरणारे वीज तयार करणारे यंत्र) देईल तेवढा करंट ती ओढत राहते, आणि छोट्या इंजिनाचा अल्टरनेटर कमी फेऱ्यांवर, पंख्याचा वारा अपुरा असताना, या ओढीने तापून जळू शकतो. दुसरा धोका असा की बॅटरीच्या संरक्षणासाठी बसवलेल्या बीएमएसने चार्जिंग चालू असताना अचानक जोडणी तोडली, तर अल्टरनेटरचे व्होल्टेज क्षणात उसळते आणि त्याचे डायोड निकामी होतात. यावर आम्ही रूढ उपाय केला: इंजिन सुरू करणारी शिशाची छोटी बॅटरी तशीच ठेवली, अल्टरनेटर फक्त तिलाच भरतो, आणि तिच्याकडून ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर लिथियमला बेताने वीज पुरवतो. फ्यूजही साधा चालत नाही. या सेलमधून शॉर्ट सर्किटच्या वेळी हजारो अँपिअर वाहू शकतात आणि साधा फ्यूज वितळला तरी आतल्या ठिणगीतून प्रवाह चालूच राहण्याची भीती असते, म्हणून 'क्लास टी' जातीचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवावा लागतो. सेल आणि बीएमएस मिळून आम्हाला बासष्ट हजार रुपये लागले, तर चार्जर, फ्यूज, शंट (बॅटरीत किती वीज शिल्लक आहे ते मोजणारे उपकरण), सौर पॅनेल आणि तारा यांना त्याहून जास्त. अंदाजपत्रक करणाऱ्याने हे प्रमाण आधीच लक्षात ठेवावे.

तारांच्या बाबतीत मराठवाड्यात राहण्याचा आम्हाला फार मोठा उपयोग झाला. खाऱ्या हवेत उघडे तांबे आतून काळे पडत जाते, म्हणून बोटीवर कल्हई केलेल्या बारीक धाग्यांची तांब्याची तार वापरतात, आणि बोटींच्या सामानात तिचा भाव डोळे पांढरे करणारा असतो. गंगापूर तालुक्यात शेतांवर सौर कृषिपंप बसवणाऱ्या एका ओळखीच्या तंत्रज्ञाने सुचवले की सौर पॅनेलसाठी मिळणारी डीसी केबलही नेमकी कल्हई केलेल्या बारीक धाग्यांचीच असते आणि तिचे वेष्टन उन्हात टिकेल असे असते. ते खरे निघाले. संभाजीनगरातल्या दुकानातून आम्ही चार आणि सहा चौरस मिलिमीटरची केबल घेऊन जवळजवळ सगळी बोट त्यातच केली. फ्रीजपर्यंत जाऊन येऊन बारा मीटर अंतर आहे. जुन्या दीड चौरस मिलिमीटरच्या तारेत पाच अँपिअरला सुमारे ०.७ व्होल्टची घट व्हायची, ती सहाच्या केबलने ०.१८ वर आली. फ्रीज पहाटे बंद पडण्यात म्हाताऱ्या बॅटरीइतकाच या बारीक तारेचा दोष होता हे आम्हाला तेव्हा समजले. आधी समजले असते तर निदान एक मोसम जुन्या बॅटऱ्यांवरच काढता आला असता. त्याच तंत्रज्ञाने मला तारांची धातूची टोके योग्य साच्याच्या पकडीने दाबायला शिकवले. त्याआधी एका बोटयार्डातल्या कारागिराने साध्या पक्कडीने दाबलेली सात टोके मी हाताने ओढून काढली होती.

पॅनेल १७० वॅटची दोन आहेत आणि सुकाणूमागच्या पाइपच्या चौकटीवर बसवली आहेत. शिडाची किंवा डोलकाठीच्या मागच्या ताणदोराची बारीक सावली पडली तरी उत्पादन बरेच घसरते, म्हणून प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र नियंत्रक दिला आहे. थंडीतल्या निरभ्र दिवशी ऐंशी अँपिअर-तासांच्या आसपास वीज मिळते. फ्रीज दिवसाकाठी पंचावन्न घेतो, उरलेल्यात दिवे, खोलीमापक आणि फोन भागतात. दिवसभर स्वयंचलित सुकाणू चालवले तर मात्र साठवणीतून काढावे लागते, आणि तशी साठवण आता हाताशी आहे. पहाटे मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या, वाऱ्यावर निघून दुपारी वारा फिरेपर्यंत इंजिनाला हात न लावता प्रवास करता येतो, हे सुख आम्हाला या मोसमात प्रथमच लाभले.

आता त्रासाचे सांगतो. फेब्रुवारीत आम्ही सुवर्णदुर्गाच्या आडोशाला, हर्णैच्या मच्छीमार बोटींपासून थोड्या अंतरावर नांगर टाकला होता. पहाटे चारला बोटीवरची सगळी वीज एकाएकी गेली, नांगरावरचा दिवाही विझला, आणि त्याच वेळी मच्छीमार बोटी बाहेर पडत होत्या. शंटवर अजून बारा टक्के शिल्लक दिसत होती. आम्ही विजेऱ्या हातात धरून उजाडेपर्यंत डेकवर बसून राहिलो. कारण नंतर कळले: चारपैकी एक सेल सुरुवातीपासून इतरांपेक्षा कमी भरलेला होता. तो आधी तळाला गेला आणि त्याला वाचवण्यासाठी बीएमएसने सगळेच तोडले. सेल मालिकेत जोडण्यापूर्वी चारही समांतर जोडून ३.६५ व्होल्टपर्यंत एकत्र भरून घ्यायचे असतात. विक्रेत्याने ते केल्याचे तोंडी सांगितले होते आणि आम्ही तपासले नव्हते. मार्चमध्ये पेटी घरी आणून हे काम स्वतः केले, त्यानंतर तक्रार नाही. मात्र सेलची समतोल राखणारी यंत्रणा साधारण ३.४ व्होल्टच्या वरच काम करते, आणि आम्ही तर बॅटरी निम्मीच भरून ठेवतो. त्यामुळे दर दोन महिन्यांतून एकदा, आम्ही बोटीवर असताना, ती पूर्ण भरून काही तास तशीच राहू देतो.

त्या रात्रीनंतर नांगराचा दिवा आम्ही शिशाच्या बॅटरीवर हलवला. तळातले पाणी उपसणारा पंप पहिल्यापासून तिथेच आहे: मुख्य स्विचला वगळून, स्वतःच्या फ्यूजमधून, थेट. जी बॅटरी कुणाला न सांगता स्वतःला तोडून घेऊ शकते तिच्यावर हा पंप कधीही ठेवू नये, हे मी आग्रहाने सांगतो. पाणी येते कुठून, हेही याच निमित्ताने पाहिले. इंजिनाचा दांडा जिथून बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवायला विहिरीवरच्या पंपासारखीच ग्लँड दोरी असते आणि दांडा फिरताना मिनिटाला दोन-चार थेंब गळणे अपेक्षित असते. आमची बोट उभी असतानाही गळत होती, ती दोरी बदलली. पाण्याखालच्या दोन झडपा साध्या पितळेच्या निघाल्या. खाऱ्या पाण्यात पितळेतले जस्त निघून जाते आणि गुलाबी, ठिसूळ तांबे उरते. एकीचा दांडा स्क्रू-ड्रायव्हरने खरवडताच गुलाबी भुगा पडला, तेव्हा दोन्ही काढून कांस्याच्या बसवल्या.

डोलकाठीचे ताणदोर ज्या पोलादी पट्ट्यांना बांधलेले असतात, त्या चेनप्लेटही याच वर्षी बदलल्या. डेकमधून जाणाऱ्या भागात, जिथे ओल असते पण हवा पोचत नाही, तिथे स्टेनलेस स्टीलही आतून पोखरले जाते, आणि वरून चकचकीत दिसणारी पट्टी डेकच्या जाडीत भेगाळलेली असते. आमच्या सहापैकी दोन तशा होत्या. नव्या पट्ट्या वाळूजला ३१६ प्रतीच्या पत्र्यातून कापून, भोके पाडून, पॉलिश करून घेतल्या. ३०४ आणि ३१६ यांतला फरक मॉलिब्डेनमचा, तो डोळ्यांना दिसत नाही आणि चुंबकानेही खात्रीने कळत नाही. पण औद्योगिक वसाहतीत धातूची प्रत सांगणारे हातातले यंत्र असलेली माणसे आहेत. मिनिटभरात प्रत्येक पट्टीची खातरजमा झाली. मराठवाड्यातल्या माणसाला शिडाच्या बोटीची आवड कशी, असे वाळूजमध्ये मला कोणी विचारले नाही. उलट पट्ट्या घासणाऱ्या कामगाराने अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातल्या डोलकाठ्यांच्या जहाजाची आठवण काढली आणि आपण ते शाळेच्या सहलीत पाहिल्याचे सांगितले.

पावसाळ्यात बोट यार्डात ताडपत्रीखाली आहे आणि बॅटरी माझ्या घरी, तळमजल्यावरच्या आतल्या खोलीत, पंचेचाळीस टक्के भरलेली. जुन्या बॅटऱ्या अशा घरी आणण्याचा विचारही शक्य नव्हता. जुलैमध्ये ती पूर्ण भरून, वीस अँपिअरचा भार लावून, तळापर्यंत रिकामी करून मोजली. मार्चमध्ये २७९ अँपिअर-तास मिळाले होते, आता २७६ मिळाले. एवढा फरक माझ्या मोजणीच्या त्रुटीतही बसतो, म्हणून त्यावरून आयुष्याचा हिशेब मी मांडत नाही. एक दुरुस्ती बाकी आहे: डीसी-डीसी चार्जर आम्ही इंजिनाच्या खोलीत बसवला, तिथल्या उष्णतेने तो अर्ध्या तासात आपणहून निम्म्या करंटवर येतो. नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात उतरेल त्याआधी तो केबिनमधल्या बाकाखाली हलवायचा आहे, आणि त्यासाठी लागणारी तीन मीटर जाड केबल कालच आणून ठेवली आहे.