दारू सोडवणाऱ्या दोन गोळ्या: डायसल्फिराम आणि नालट्रेक्सोन

डायसल्फिराम हे जुनं औषध. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की तिच्यापासून बनणारं विषारी रसायन अ‍ॅसिटाल्डिहाइड शरीरात साठतं. चेहरा लालबुंद होतो, छातीत धडधडतं, उलट्या होतात. या धाकानेच माणूस ग्लासपासून लांब राहतो. नालट्रेक्सोन धाक घालत नाही. ते मेंदूतल्या पेशींवरच्या, सुखाची जाणीव देणाऱ्या जागा (ओपिऑइड ग्राही) अडवतं, त्यामुळे पिण्यातली मजा आणि तल्लफ कमी होते. अमेरिकेत दारूच्या व्यसनासाठी त्याला 1994 मध्ये मान्यता मिळाली.

मुंबईत या दोन्हींची थेट तुलना झाली आहे. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 100 पुरुष होते. वर्षअखेर डायसल्फिराम गटातले 86 टक्के दारूपासून दूर होते, नालट्रेक्सोन गटातले 44 टक्के. तल्लफ मात्र नालट्रेक्सोनवाल्यांची कमी होती. पण रोजची गोळी घरचं माणूस डोळ्यांसमोर देत होतं, हे विसरून आकडे वाचू नयेत. एकट्या राहणाऱ्याला डायसल्फिराम देऊन काय उपयोग? तो सरळ गोळी बंद करेल.

आणि कळकळीने सांगते, भाजीत किंवा चहात लपवून डायसल्फिरामची गोळी कधीच देऊ नका. गोळी पोटात गेल्याचं माहीत नसताना प्यायलेल्या दारूने जीवावर बेतू शकतं. गोळी थांबवल्यावरही साधारण दोन आठवडे तो धोका राहतो. अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषधसुद्धा चालत नाही.

हृदयविकार असेल तर डायसल्फिराम नको. अफूजन्य वेदनाशामकं चालू असतील तर नालट्रेक्सोन नको. यकृताची तपासणी दोन्हींआधी हवीच.