स्पोर्ट्स कारचं मिसिंग: स्वतः शोधायचं, गॅरेजला टाकायची की कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला?

सेकंडहँड पोर्श बॉक्सस्टर, बीएमडब्ल्यू झेडफोर, ऑडी टीटी असलं काहीतरी घेतलंय, एरवी गाडी मख्खन चालते, आणि मधूनच घोडबंदर रोडला सिग्नल सुटल्यावर दोन-तीन झटके मारते (हेच मिसिंग किंवा मिसफायर, म्हणजे एखाद्या सिलेंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही), चेक इंजिनचा लाईट ब्लिंक होतो, आणि गॅरेजमध्ये नेली की पाहुण्यांसमोर शहाणं झालेल्या पोरासारखी गप. अशी गाडी कोणाकडे द्यायची हा प्रश्न ज्यांना पडलाय त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो: पुरावा स्वतः गोळा करा, पाना दुसऱ्याच्या हातात द्या. सर्व्हिस सेंटर फक्त दोन-तीन ठराविक केसेसमध्ये.

आधी सर्व्हिस सेंटरचंच घेऊ कारण बहुतेक जण भीतीने तिथेच जातात. त्यांच्याकडे जे आहे ते दुसरीकडे सहजासहजी मिळत नाही, म्हणजे कंपनीचा टेस्टर (पोर्शचा पिविस, बीएमडब्ल्यूचा इस्टा), सॉफ्टवेअर अपडेट, कंपनीच्या सर्व्हिस बुलेटिन्स. गाडी वॉरंटीत असेल तर विषयच संपला, तिथेच न्या आणि बाहेर कोणाला कॉइलचा (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) बोल्टसुद्धा सैल करू देऊ नका. पण अधूनमधून येणाऱ्या फॉल्टला त्यांची सिस्टीमच बनलेली नाहीये. तुम्ही बोलता अॅडव्हायझरशी, गाडी बघतो टेक्निशियन, ट्रायल मारतो तिसराच, आणि ती ट्रायल असते वर्कशॉपच्या मागच्या रस्त्याला एक चक्कर. त्यात गाडीने झटका दिला नाही तर "फॉल्ट आढळला नाही" लिहून गाडी परत, नाहीतर सगळ्या कॉइल सगळे प्लग बदला असं एस्टिमेट. सहा सिलेंडरच्या गाडीला ते एस्टिमेट बघून माणूस खुर्चीत बसतो.

आता बाहेरचं गॅरेज. तुर्भे, वागळे इस्टेट साईडला जर्मन गाड्या करणारे हात चांगले आहेत पण सगळे सारखे नाहीत, म्हणून गाडी टाकण्याआधी तीन गोष्टी विचारा: ऑसिलोस्कोप (विजेचा आलेख दाखवणारा स्कोप) आहे का, स्मोक मशीन आहे का, आणि जो गाडी खोलणार तोच ट्रायलला बसणार का. स्कोपवर कॉइलचा करंट वर चढताना आणि स्पार्क पडताना दिसतो, त्यामुळे मरायला टेकलेली कॉइल फॉल्ट कोड यायच्या आधीच पकडता येते. स्मोक मशीन इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनच्या हवा घेण्याच्या वाटेत, धूर भरतं आणि जिथून हवा लीक आहे तिथून धूर निघतो, पाचेक मिनिटांचं काम. ज्याच्याकडे नुसता स्कॅनर आहे आणि जो पहिल्याच मिनिटाला कोड उडवून "आता चालवून बघा साहेब" म्हणतो त्याला नमस्कार करून निघा. कोड उडवला की फ्रीझ फ्रेम गेली, म्हणजे झटका बसला तेव्हा किती आरपीएम होता, इंजिन किती गरम होतं, लोड किती होता, सगळं गेलं. बॅटरीची वायर काढली तरी बऱ्याच गाड्यांत हेच होतं.

आणि तिसरा रस्ता, स्वतः. यावर जरा जास्त लिहितो कारण इथेच पैसे वाचतात. एक बऱ्यापैकी ओबीडी डोंगल (गाडीच्या सॉकेटला लावून मोबाईलवर कोड दाखवणारं) घ्या, अगदी स्वस्तातले ईएलएम३२७ (डोंगलमधली चिप) चे डुप्लिकेट घेऊ नका, अर्ध्या कमांड त्यांना कळत नाहीत. पी०३०० म्हणजे कुठलाही एक सिलेंडर नक्की नाही, पी०३०१ ते पी०३०६ म्हणजे शेवटचा आकडा तो सिलेंडर. पण कोड न येताही, साधारण २००८ नंतरच्या बऱ्याच गाड्यांत ओबीडीच्या मोड ६ मध्ये प्रत्येक सिलेंडरचे मिसफायर मोजलेले असतात, अॅपमध्ये ते पान उघडून बघा, पाच सिलेंडरला शून्य आणि एकाला आकडा असेल तर शोध तिथेच अर्धा झाला.

एक गंमत बऱ्याच जणांना माहीत नसते. मिसफायर इंजिनला "ऐकू" येत नाही, क्रँकशाफ्टचा वेग क्षणभर कमी झाला की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) समजतो की एक फायर हुकला. आता खड्ड्यात चाक आदळलं तरी तो वेग तसाच डगमगतो, म्हणून बऱ्याच गाड्या खराब रस्ता ओळखून तेवढ्यापुरती मोजणीच बंद ठेवतात. म्हणजे गायमुखच्या खड्ड्यांत गाडी झटके मारत असेल आणि कोड येत नसेल तर डोंगलला शिव्या देऊ नका, रात्री उशिरा पाम बीच रोडला जा, रस्ता सपाट आहे, तिसऱ्या-चौथ्या गिअरला खालच्या आरपीएमवरून हळूहळू अॅक्सिलरेटर दाबत लोड द्या, वेग वाढवायची गरज नाही, आणि शेजारी बसलेल्याला लॉगिंग बघू द्या.

त्याच लॉगमध्ये फ्युएल ट्रिम बघायचा, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय ते. आयडलला (अॅक्सिलरेटर न दाबता) ट्रिम दहा टक्क्यांच्या वर आणि अडीच हजार आरपीएमला नॉर्मल, तर बाहेरून हवा खेचतेय, स्मोक टेस्ट करा. उलटं, आयडलला ठीक आणि लोडला वर चढतोय, तर पेट्रोल कमी पडतंय, पंप किंवा फिल्टर किंवा एअर मासचा सेन्सर. ई२० पेट्रोलमुळे जुन्या गाडीत दोन-चार टक्के वर दिसले तर लगेच घाबरू नका, इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो त्यामुळे तेवढं होतं. पावसाळाभर बेसमेंटला झाकून ठेवलेली गाडी असेल तर मात्र आधी टाकीतलं जुनं पेट्रोल बदला, इथेनॉल पाणी ओढून घेतं.

सिलेंडर कळला की पार्ट विकत घ्यायच्या आधी अदलाबदल. इथे एक युक्ती वापरा म्हणजे आठवडेच्या आठवडे वाट बघावी लागत नाही: समजा तिसरा सिलेंडर मारतोय, तर तिसऱ्याची कॉइल पहिल्याला लावा आणि तिसऱ्याचा प्लग पाचव्याला. मग कोड पहिल्यावर आला तर कॉइल, पाचव्यावर आला तर प्लग, तिसऱ्यावरच राहिला तर इंजेक्टर, वायरिंग किंवा कॉम्प्रेशन. एका फटक्यात तिन्हीचा निकाल.

पण हे करायला हात पोचला पाहिजे. ९८६-९८७ (पहिल्या दोन पिढ्यांच्या) बॉक्सस्टरला इंजिनचे सिलेंडर आडवे झोपवलेले, प्लग आणि कॉइल गाडीच्या खालून, एक्झॉस्टच्या शेजारी, मागची चाकं काढून करतात ते काम. सोसायटीच्या पार्किंगमध्ये नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका, दोन तासांचे पैसे देऊन गॅरेजच्या लिफ्टवर करून घ्या. ह्या कॉइल उष्णतेने तडकतात हे जगजाहीर आहे. काढून उजेडात धरली की काळ्या प्लास्टिकवर केसाएवढी रेघ दिसते, नखाने ओढली तर नख अडकतं, आणि पावसात त्या रेघेत ओल शिरली की स्पार्क प्लगपर्यंत न जाता बाजूच्या धातूकडे पळतो. कोरड्या दिवसात तीच गाडी टकाटक. ट्युबमध्ये तेल दिसलं तर कॉइल बदलून उपयोग नाही, आधी तिथलं सील करा.

झेडफोर ३५आयचं उलट, कॉइल आणि प्लग वरून सोपे, पण इंजेक्टर थेट सिलेंडरमध्ये, २०० बारच्या आसपास प्रेशर, आणि प्रत्येक इंजेक्टरचे आकडे ईसीयूला कोड करावे लागतात. तिथे इंजेक्टरची अदलाबदल घरी करायचा विचारही नको. हाय प्रेशर पंपाची तक्रार असलेलं इंजिन आहे ते, त्यामुळे कॉइल-प्लग निर्दोष सुटले की गाडी टेस्टरवाल्याकडेच.

मग ठरवायचं कसं? पावसात किंवा धुतल्यावर मारते: स्वतः शोधा, बहुतेक कॉइल किंवा कनेक्टर. खाडीजवळ राहत असाल तर अर्थिंगचे बोल्टपण बघा, खारी हवा तिथे हिरवट गंज चढवते. जोरात दाबल्यावरच मारते: प्लगचा गॅप आणि पेट्रोलचं प्रेशर, स्कोपवालं गॅरेज. फक्त सकाळी थंड इंजिनला पहिल्या मिनिटाला थरथरते आणि डायरेक्ट इंजेक्शन आहे: व्हॉल्व्हवर कार्बन असू शकतो, अक्रोडाच्या भुकटीने ब्लास्टिंग करणारं गॅरेज गाठा. अदलाबदल करूनही सिलेंडर तोच: कॉम्प्रेशन आणि लीकडाऊन टेस्ट (सिलेंडर हवा किती धरतो ते), आणि इथे मात्र स्वस्त गॅरेज शोधत बसू नका. वॉरंटी किंवा इंजेक्टर कोडिंग: सर्व्हिस सेंटर, पण लॉगचे स्क्रीनशॉट प्रिंट करून जॉब कार्डला जोडा आणि "अमुक सिलेंडर, अमुक आरपीएम, गरम इंजिन" असं अॅडव्हायझरकडून लिहून घ्या, "झटके मारते" एवढंच लिहू देऊ नका.

आणि लाईट सतत पेटलेला असेल तर बेताने चालवत घरी या, ब्लिंक होत असेल तर पाय लगेच उचला. न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये (एक्झॉस्टमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) जाऊन जळतं, कॅट आतून वितळतो आणि त्याच्या किमतीपुढे सहाच्या सहा कॉइल चिल्लर वाटतील. पाय उचलूनही ब्लिंक थांबत नसेल तर कडेला घ्या आणि फ्लॅटबेड बोलवा, पुढची चाकं उचलून ओढणारा साधा टोइंगवाला नको, बॉक्सस्टर-झेडफोर मागच्या चाकांवर चालतात आणि असल्या सगळ्याच गाड्या जमिनीला टेकलेल्या.