इंग्रजी शब्दव्युत्पत्तीचा वर्ग, विश्रामबाग, सांगली

विश्रामबागेतील एका खासगी क्लासमध्ये रविवारी सकाळी इंग्रजी शब्दांच्या व्युत्पत्तीवर सत्र होते. मी गेलो तेव्हा समोर बहुतेक शाळाशिक्षक आणि स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी बसले होते आणि विषय होता ‘नाइस’ हे विशेषण.

सरांनी ‘नेस्किउस’ हा लॅटिन शब्द फळ्यावर लिहून त्याचे खडूने दोन तुकडे पाडले. ‘ने’ म्हणजे संस्कृतातील ‘न’चाच भाऊबंद, आणि दुसरा तुकडा ‘स्कीरे’ म्हणजे जाणणे या क्रियापदाचा, ज्यातून ‘सायन्स’ही आला. म्हणजे मूळ अर्थ अडाणी. जुन्या फ्रेंचमार्गे हा शब्द १३००च्या सुमारास इंग्रजीत शिरला, तेव्हा एखाद्याला ‘नाइस’ म्हणणे म्हणजे त्याला मूर्ख ठरवणे होते. पुढे त्याला नखरेल, चोखंदळ असा अर्थ चिकटला, सोळाव्या शतकात काटेकोर, सूक्ष्म असा, आणि छान, सुखद हा आजचा अर्थ अठराव्या शतकात रूढ झाला. ‘नाइस डिस्टिंक्शन’ म्हणजे छान नव्हे, तर बारीक फरक, या उदाहरणावर सर पुरेसे थांबले, आणि चोखंदळ माणसाला जे पसंत पडते ते चांगलेच असणार, या वाटेने अर्थ कसा सरकला असावा, हेही त्यांनी घाई न करता उलगडले. फ्रान्समधील नीस शहराशी याचा संबंध आहे का, असे एका शिक्षिकेने विचारले. ते नाव ग्रीक ‘निकाया’वरून, विजयाच्या अर्थाने आले आहे, असे सांगून सरांनी ती शंका मिटवली.

चहानंतरचा भाग मात्र उरकल्यासारखा वाटला. ‘सिली’ हा शब्द मूळचा सुखी, धन्य या अर्थाचा. तो निष्पाप, मग केविलवाणा आणि शेवटी मूर्ख झाला, म्हणजे ‘नाइस’च्या नेमका उलट प्रवास. एवढा रसाळ विषय दहा मिनिटांत संपवणे मला पटले नाही. स्मृतिग्रंथांत ‘साहस’ हा बळजबरीचा गुन्हा असून मराठीत तो गुण कसा ठरला, हे इथे सांगितले असते, तर मराठी माध्यमाच्या शिक्षकांना ते वर्गात लगेच वापरता आले असते. हाती दिलेल्या झेरॉक्समध्ये शतके आहेत, पण त्या त्या काळातील एकही वाक्य नाही. ही उणीव मला सर्वांत मोठी वाटते.

परीक्षेपुरते शब्द पाठ करायचे असतील, तर हे शुल्क वाया जाईल. इंग्रजी शिकवणाऱ्यांनी मात्र अवश्य जावे, आणि पुढच्या बाकांवर बसावे, कारण मागून फळा नीट दिसत नाही.