विधानसभेला उभं राहायचंय: पक्षाच्या तिकिटावर की अपक्ष?

मतदारसंघात तुमचं काम आहे, लोक ‘आता उभे राहा’ म्हणताहेत, पण पक्षाच्या यादीत नाव येईल याची खात्री नाही. माझं मत आधीच सांगतो. बूथ सांभाळणारी स्वतःची माणसं नसतील तर अपक्ष लढू नका, मग सभेला कितीही गर्दी होवो.

२०२४ मध्ये महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त मतदान केंद्रं होती. २८८ मतदारसंघांत विभागली तर एकेका ठिकाणी सरासरी साडेतीनशे. प्रत्येक केंद्रावर सकाळी मॉक पोलला (यंत्र तपासण्यासाठीच्या चाचणी मतदानाला) हजर राहणारा आणि संध्याकाळी नमुना १७-सी ची, म्हणजे झालेल्या मतांच्या हिशेबाची, प्रत घेऊनच बाहेर पडणारा एजंट हवा. पक्षाकडे बूथप्रमुखांची यादी तयार असते. त्यातले काही नाराज असतील, पण यादी असते. अपक्षाला एकेक माणूस स्वतः जोडावा लागतो आणि हे काम आचारसंहिता लागल्यावर सुरू करून होत नाही.

अर्जातही फरक आहे. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक (अर्जावर सही करून नाव सुचवणारा मतदार) पुरतो, अपक्षाला दहा लागतात, तेही त्याच मतदारसंघातले मतदार. छाननीला प्रत्येकाचा मतदार यादीतला भाग आणि अनुक्रमांक पाहिला जातो. दहातला एक शेजारच्या मतदारसंघातला निघाला की अर्ज बाद. अनामत मात्र दोघांना सारखीच: १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५,०००.

चिन्हाचा प्रश्न सगळ्यात अवघड. पक्षाचं चिन्ह लोकांच्या डोळ्यांत बसलेलं असतं, अपक्षाला ते माघारीची मुदत संपल्यावर मिळतं. २०२४ मध्ये माघार ४ नोव्हेंबरला, प्रचार संपला १८ ला. नवं चिन्ह वाडीवस्तीपर्यंत पोचवायला जेमतेम दोन आठवडे. त्यात मतदान यंत्रावर अपक्षांची नावं सर्वांत शेवटी.

खर्चाची मर्यादा दोघांनाही ४० लाख. पण पक्षाच्या स्टार प्रचारकांचा प्रवासखर्च उमेदवाराच्या हिशेबात धरत नाहीत. अपक्षाला ही सवलत नाही.

मग अपक्ष कशासाठी व्हायचं? सभागृहातल्या मोकळिकीसाठी. अपक्ष आमदारावर कुठल्या पक्षाचा व्हिप (मतदान कसं करायचं याचा आदेश) चालत नाही. सरकारला बाहेरून पाठिंबा देता येतो. पक्षात प्रवेश केला तर मात्र राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टानुसार (पक्षांतरबंदी) आमदारकी जाते. १९९५ मध्ये ४५ अपक्ष निवडून आले आणि युतीचं सरकार अपक्षांच्या पाठिंब्यावर उभं राहिलं. २०२४ मध्ये दोनच आले. बच्चू कडू अचलपूरमधून २००४, २००९ आणि २०१४ असे सलग तीनदा अपक्ष जिंकले ते मतदारसंघातल्या कामाच्या आणि स्वतःच्या कार्यकर्त्यांच्या बळावर. तिकीट कापलं म्हणून रागाच्या भरात भरलेल्या अर्जामागे ते बळ नसतं, आणि भरडले जातात ते सोबत आलेले कार्यकर्ते.

तिकिटाचं शेवटपर्यंत नक्की नसेल तर एक काळजी घ्या. एबी फॉर्म (हा आमचा अधिकृत उमेदवार, असं पक्षाचं पत्र) अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोचला नाही, तर एका सूचकाचा पक्षाचा अर्ज छाननीत टिकत नाही. एकाच मतदारसंघात चार अर्ज भरता येतात, अनामत एकदाच लागते. म्हणून दहा सूचकांच्या सह्यांचा एक अर्ज पहिल्याच दिवशी दाखल करून ठेवा.